बंद शिसे-भट्टीच्या जागेवर काम करायचंय?

जालना म्हटलं की सळया आठवतात. दूषित जागा साफ करायचं काम मी शिकलो ती जागा मात्र जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणाऱ्या, पुढे बंद पडलेल्या भट्टीची. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., सिव्हिल, केमिकल, काहीही चालतं. सोबत एडीआयएस हा सेफ्टीचा डिप्लोमा असला तर लवकर घेतात. शिक्षणाचं एवढंच.

सुरुवातीला माती गोळा करायची असते आणि ते काम कोणी हलकं समजू नये, कारण कुठली माती काढायची अन् कुठली ठेवायची हे त्यावरच ठरतं. आमच्याआधी कोणीतरी गेटजवळच्या सपाट जागेचे नमुने काढून अहवाल दिला होता. आकडे छानच आले असणार! बॅटऱ्या जिथे फोडायच्या, तिथली नाली आधी शोधा. आपली काळी माती मुळात अल्कलीकडे झुकणारी आणि चिकण, त्यामुळे ती शिसं धरून ठेवते. पण बॅटरीचं ॲसिड मुरलं की ते सुटून खाली उतरतं. शिवाय उन्हाळ्यात भेगा पडतात. वरची धूळ भेगेतून खाली जाते, म्हणून भेगेच्या तळाचा नमुना वेगळा घ्या.

हातातलं एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू मोजणारं मशीन, मिनिटाभरात आकडा देतं. माती ओली असेल तर तो कमी दिसतो. वाळवून, चाळून मोजा. तो आकडा एकूण शिशाचा. कचरा घातक ठरतो का, हे टीसीएलपी चाचणी सांगते. तीत नमुना सौम्य ॲसिडमध्ये घोळून अर्क काढतात: त्या अर्कात लिटरला 5 मिलिग्रॅम ही शिशाची मर्यादा. माती मर्यादेबाहेर गेली की शिसं जखडून ठेवायला कोणीतरी म्हणतंच, 'ओता अजून चुना.' पण चुना फार झाला, पीएच 12 च्या वर गेला, की शिसं पुन्हा विरघळायला लागतं.

स्लॅग, म्हणजे भट्टीतून निघालेला मळ, दिसतो दगडासारखा. भट्टीत सोडा ॲश आणि लोखंडाचा कीस टाकत असतील, तर पाणी लागल्यावर तो फुटतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. ढीग मृगाआधी झाकलेला हवा.

खरा धोका हातांचा. जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडच्या एका वयस्कर कामगार मामांनी डबी काढली, तळहातावर तंबाखू-चुना मळायला लागले. नखांत करडी धूळ. मी म्हटलं, "मामा, आधी हात धुवा." ते म्हणाले, "साहेब, धूळ तर जन्मभर खाल्ली, आता काय व्हतंय?" त्यानंतर तंबाखूच्या डब्या गेटवरच जमा व्हायला लागल्या. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत; घरात पोरं असतात. रुजू होण्याआधी रक्तातलं शिसं तपासून घ्या, नाहीतर पुढचा आकडा कशाशी ताडणार? दाढी ठेवलीत तर रेस्पिरेटर, म्हणजे धूळ गाळणारा मास्क, चेहऱ्याला नीट बसत नाही. मे महिन्यात तो घालून दुपारी काम होतच नाही, सकाळी सहालाच सुरू करावं लागतं. झाडू कोरडा मारायचा नाही. टँकरचं पाणी महाग म्हणून फवारणीत हात आखडता घेणारा ठेकेदार भेटेल. त्याच्याशी भांडायची तयारी ठेवा.

कागदपत्रांत 2016 चे घातक कचरा नियम आणि 2025 चे दूषित जागांचे नियम वाचून या. आमचा माल, म्हणजे काढलेली माती न् कचरा, रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रात जायचा. ट्रकसोबत फॉर्म 10, म्हणजे मॅनिफेस्ट (मालाच्या वाहतुकीचा कागद), सात प्रतींत: पांढरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पिवळी आपल्याकडे. माल पोचल्यावर निळी परत येते. ती आली नाही तर केंद्रात फोन करा, आणि आपल्या काट्यावरचं वजन तिथल्या वजनाशी जुळतंय का ते बघा.