आकड्यामागची नावं

आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावात चावडीच्या भिंतीला एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धाला इथून किती माणसं गेली, किती मेली, एवढंच इंग्रजीत कोरलंय. नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचं सगळ्यांना ठाऊक आहे, तिथले ४६ जण कामी आले. बाकी गावांच्या पाट्यांवर लोक सायकली टेकवतात. मी एसटीत कंडक्टर होतो. रिटायर झाल्यावर ही नावं शोधायचा उद्योग मागं लावून घेतला.

आधी पाटी धुवा. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून बाथरूमचं ॲसिड ओतलं. संगमरवर फसफसला आणि कोपऱ्यातली दोन अक्षरं कायमची बोथट झाली. तारेचा ब्रश, ऑइलपेंट, शेंदूर यातलं काही नको. अक्षरं पुसट असतील तर दिवेलागणीला जा. मोबाइलची बॅटरी पाटीच्या कडेला टेकवून आडवी मारा. समोरून काही दिसत नाही, पण आडव्या उजेडात खाचांत सावली पडते आणि अक्षर न् अक्षर उठून येतं.

मग म्हाताऱ्या माणसांकडं बसा. ‘महायुद्धात कोण गेलं होतं?’ असं विचारलं तर कुणी बोलत नाही. ‘तुमच्यातलं बसऱ्याला कोण गेलं होतं?’ असं विचारा. बसरा म्हणजे इराकातलं बंदर. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पल्टणी इराकात कुत-अल-अमाराला जवळपास पाच महिने वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. खायला घोड्याचं मांस आलं, ते कित्येकांनी नाकारलं. ‘आमचा आजा घोडा खाईना म्हणून वाळला’ असं कुणी म्हणालं, की वही काढा.

चांदीचं मेडल दाखवतात का बघा. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. लोक दोन्ही बाजू निरखतात आणि खरा माल कडेवर असतो: नंबर, हुद्दा, नाव, पल्टण, बारीक अक्षरात. भिंगातून वाचा. चिंच किंवा पितांबरी लावू नका, कड झिजते. मेडल मोडून पैंजण केले असतील तर हसून सोडून द्या. पोरांच्या तोंडात घास घालायचा होता.

आता नेटवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे महायुद्धांत ब्रिटिशांच्या बाजूनं मेलेल्या जवानांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, यादी उघडा, फुकट आहे. आडनाव टाकून बसू नका. आपली माणसं तिथं नुसती ‘पांडू’, ‘गणू’ अशीही आहेत, बाजूला बापाचं नाव आणि गाव. म्हणून जादा माहितीच्या रकान्यात गाव किंवा सातारा टाकून शोधा, स्पेलिंग दहा तऱ्हेनं बदलून. गाडीच्या बोर्डावर कसंही लिहिलेलं गाव वाचायची माझी सवय इथं कामाला आली. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी जवानांचा नुसता आकडा लिहिला. या भेदभावाबद्दल कमिशननं २०२१ मध्ये माफी मागितली. म्हणजे आमच्या चावडीवरचं दुखणं तिकडंही होतंच.

दिवस ११ नोव्हेंबर धरा, १९१८ ला त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता लढाई थांबली. अकरा वाजताचा मुहूर्त मात्र सोडा, त्या वेळी सगळे उसात असतात. सकाळी शाळेच्या प्रार्थनेला जोडून करा. पुढारी नको, भाषण नको. एकेका पोरानं एकेक नाव वाचायचं, त्या घरातल्या म्हातारीनं फूल ठेवायचं. आभार मानायचे तर तिचेही माना, मागं राहिलेल्यांनी कमी सोसलं नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेल्या नाईक यशवंत घाडग्यांचं स्मारक तिथल्या माँटोने गावी २०२३ ला झालं. परमुलखात होतं, मग आपल्या चावडीला काय अडचण?

पुण्याला गेलात तर खडकीच्या युद्धस्मशानात अर्धा तास काढा. विलायतेची पोरं आपल्या मातीत पडलीत, दगडांवर वयं वाचा. त्यांच्या घरचं कोण येणार एवढ्या लांब? एक फूल तिथंही ठेवा.

यादी फ्लेक्सवर छापू नका, दोन पावसांत फाटतो. काळ्या ग्रॅनाइटवर कोरा आणि खाली जागा मोकळी ठेवा. आमची तीन नावं अजून सापडायची आहेत.