गीझर बदलला, पण खरी गडबड अर्थिंगमध्ये होती

गुहागरला आमच्या घरी न्हाणीतला ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर गळायला लागला म्हणून नवा आणला. जुना काढताना आई सहज म्हणाली, "अरे, नळाला हात लावला की मुंग्या येतात हो कधीकधी." इतके दिवस बोलली नव्हती!

मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, फेज-अर्थ २२५. म्हटलं, अर्थिंग ठीक आहे. वायरमनकाका हसले. घराची अर्थ वायर सोडवून त्यांनी फेज आणि नुसत्या अर्थिंगच्या खड्ड्यातून (जिथे धातूची पट्टी पुरलेली असते) येणारी वायर यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावला, तर बल्बची तार जेमतेम लाल झाली. मीटरला करंट लागतोच किती, त्यामुळे तो फसवतो. (हा प्रयोग घरी करू नका, वायरमनलाच करू द्या.)

मागच्या अंगणात खड्डा उकरला. जांभा कोरडा ठक्क, आणि खाऱ्या हवेने पट्टीचा नटबोल्ट पापडासारखा हातात आला. नवीन खड्डा विहिरीच्या ओलीला, माती-कोळसा घालून केला. आता बल्ब लख्ख.

मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) ५०० व्होल्टवर जुन्या गीझरचं इन्सुलेशन पाहिलं: पाव मेगओमसुद्धा नाही. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) फुटलेलं. नव्याचं १००च्या वर.

१३ अँपिअर ओढणाऱ्या यंत्राला १६चा सॉकेट, ४ चौरस मिमी वायर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घातली. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबतो. पण ते फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. म्हणून दर मे महिन्यात खड्ड्यात दोन कळशा पाणी. ते काम आईने स्वतःकडे घेतलंय.