विम टाकलं तरी नॅनोच उघडतो? अल्टरनेटिव्ह्जचं प्रकरण

डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर विम हा टेक्स्ट एडिटर इन्स्टॉल करायचं, खुश व्हायचं, मग व्हीआयसुडो (सुडोची सेटिंग फाइल एडिटरमध्ये उघडणारी कमांड) मारायचं आणि समोर परत नॅनो, म्हणजे आधीचाच एडिटर. हे बहुतेकांच्या बाबतीत झालेलं असतं. आपण समजतो विम नीट बसलंच नाही, म्हणून काढून परत टाकतो, तरी नॅनोच.

विम बसलेलं असतं हो. फक्त "एडिटर" नावाची जी कमांड आहे ना, ती खरा प्रोग्रॅम नाहीये, ती लिंक आहे, आणि अशा लिंका सांभाळणारी व्यवस्था म्हणजे अल्टरनेटिव्ह्ज. युएसआर बिन मधलं एडिटर हे ईटीसी अल्टरनेटिव्ह्ज फोल्डरमधल्या एडिटरकडे बोट दाखवतं आणि ते पुढे खऱ्या प्रोग्रॅमकडे. प्रत्येक पॅकेज बसताना आपला नंबर लावतं, ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो. नॅनोचा आकडा 40, आणि साध्या विमचा 30. आता 30 वाला 40 वाल्याला कसा हरवणार, तुम्ही कितीही वेळा इन्स्टॉल करा.

उलटंही होतं. ऑक (मजकुरावर काम करणारी कमांड) चालवलं की सुरुवातीला मऑक नावाचा त्याचा एक प्रकार चालत असतो, त्याचा आकडा 5, मग कुठल्यातरी कामासाठी जीऑक हा दुसरा प्रकार टाकला की त्याचा 10 असल्यामुळे तो न विचारता जागा घेतो, आणि जुन्या स्क्रिप्टचं वागणं बदललं तर आपण स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसतो.

तर पहिलं काम म्हणजे बघणं. (कमांडा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान.)

अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --डिस्प्ले एडिटर

यात सगळे उमेदवार, त्यांचे आकडे आणि सध्या कोण बसलाय ते दिसतं. वरच्या ओळीत ऑटो मोड की मॅन्युअल मोड लिहिलेलं असतं, ते आधी वाचा, कारण अर्धे घोळ तिथलेच असतात. बदलायचं असेल तर:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग एडिटर

यादी येते, हव्या त्या प्रोग्रॅमचा नंबर टाकून एंटर. झालं. पण एकदा स्वतः निवडलं की तो गट (एकाच नावासाठी रांगेत असलेले सगळे उमेदवार) मॅन्युअल होतो, म्हणजे पुढे कितीही मोठ्या आकड्याचं पॅकेज आलं तरी तुमची निवड हलत नाही. परत सिस्टिमवर सोडायचं असेल तर --कॉन्फिगच्या जागी --ऑटो. आणि निवडलेलं पॅकेजच काढून टाकलं तर गट आपोआप ऑटोवर येतो.

हे मला जावाने शिकवलं, चांगलंच रडवून. एका सर्व्हरवर कधीतरी मी जावा 17 हाताने निवडून ठेवलं होतं आणि विसरून गेलो. नंतर 21 चं जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट पॅकेज) टाकलं. कोड मस्त कंपाइल झाला, चालवला की एरर, क्लास फाइल 65 ची आहे आणि हा जावा 61 पर्यंतच ओळखतो. तासभर बिल्ड फाइलच खणत होतो! झालं काय होतं, तर जावा (कोड चालवणारा) आणि जावासी (कंपाइल करणारा) हे दोन वेगळे गट. जावा मॅन्युअल म्हणून 17 वरच थांबला, जावासी ऑटो होता तो उडी मारून 21 वर गेला. 65 म्हणजे 21, 61 म्हणजे 17, एवढं माहीत असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. म्हणून जावासाठी एकेक गट बदलत बसू नका, अपडेट-जावा-अल्टरनेटिव्ह्ज अशी वेगळी कमांड आहे, --लिस्टने नावं बघा आणि सुडो लावून --सेटने सगळं एकदम बदला. तरी जावा होम हा व्हेरिएबल (जावा कुठे आहे ते इतर प्रोग्रॅमना सांगणारा) यातून बदलत नाही, तो तुमचा तुम्हाला बघावा लागतो.

स्वतः डाउनलोड करून ऑप्ट फोल्डरमध्ये ठेवलेला प्रोग्रॅमही रांगेत उभा करता येतो, समजा निओव्हिम हा विमसारखाच एडिटर:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --इन्स्टॉल /युएसआर/बिन/एडिटर एडिटर /ऑप्ट/एनव्हिम/बिन/एनव्हिम 50

क्रम असा: लिंक, गटाचं नाव, खरा पत्ता, आकडा. 50 हा 40 पेक्षा मोठा, त्यामुळे गट ऑटोवर असेल तर लगेच निओव्हिम. पुढे ते फोल्डर उडवायचं ठरलं तर आधी --रिमूव्ह, मग गटाचं नाव आणि पत्ता देऊन नोंद काढा, नाहीतर लिंक हवेत लोंबकळत राहते आणि कमांड सापडत नाही म्हणून बोंब.

एक मात्र करू नका, पायथॉन 3 ची सिस्टिमवाली कमांड यातून दुसऱ्या व्हर्जनवर वळवणं. असे सल्ले नेटवर पुष्कळ मिळतात. उबुंटूची बरीच स्वतःची टूल्स त्याच पायथॉनवर चालतात आणि एपीटीचं (पॅकेज टाकणाऱ्या टूलचं) पायथॉन मॉड्यूल त्या ठराविक व्हर्जनसाठीच बनवलेलं असतं, काही ठिकाणी तर टर्मिनलच उघडायचं बंद होतं. नवीन पायथॉन हवा तर व्हेन्व्ह, म्हणजे पायथॉनचं वेगळं वातावरण, करा.

आणि हे सगळं करूनही एखादा प्रोग्रॅम नॅनोच उघडत असेल तर तुमच्या शेलमध्ये एडिटर किंवा व्हिज्युअल हे व्हेरिएबल सेट आहे का बघा, ते असलं तर बरेच प्रोग्रॅम या लिंककडे ढुंकूनही बघत नाहीत. कधी कोणी काय बदललं हे हवं असेल तर व्हार लॉग मध्ये अल्टरनेटिव्ह्ज डॉट लॉग नावाची फाइल असते, माझं 17 वालं जुनं पाप मला तिथेच तारखेसकट सापडलं.