खाऱ्या पाण्यातून आलेली रीळ

बँडस्टँडच्या खडकांवरून मासेमारी करून परतलो की रीळ, म्हणजे गळाचा दोरा गुंडाळायची चकरी, तशीच पिशवीत राहते आणि पुढच्या रविवारी हँडल करकरतं. माझी फ्लाय रीळ (नकली माशीच्या गळाने मासे पकडायची) मामाने दिलेली. उधार मागायला कुणी आलं तर मी सरळ विषय बदलतो, म्हणून एवढा खटाटोप.

१. घरी आल्या आल्या, स्वतःच्या आंघोळीआधी, रीळ नळाच्या बारीक धारेखाली धरा.

२. स्पूल (दोरा गुंडाळलेलं चाक) काढा आणि भिजलेला सगळा दोरा त्यावरून उलगडून बादलीभर साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा. मीठ खरं लपतं ते फ्लाय लाइनखालच्या बॅकिंगमध्ये, म्हणजे वरच्या जाड दोऱ्याखाली गुंडाळलेल्या बारीक दोऱ्यात. वरून पुसून काही होत नाही. नखाने खरवडलं तर पांढरा थर दिसतो.

३. पंख्याखाली रात्रभर सुकवा, पावसाळ्यात दोन रात्री. उन्हात नको.

४. स्पूल जिच्यावर फिरतो त्या दांडीवर रीळ ऑइलचा एकच थेंब. ड्रॅग (दोऱ्याला लागणारा ब्रेक) सैल करून ठेवा.

पाण्याचा जेट मात्र मारू नका. त्याने मीठ निघत नाही, उलट आत घुसतं. आणि ड्रॅगची चकती कॉर्कची असेल, तर हे तेल तिला लागू देऊ नका.