गाडीच्या कापडी सीटवरचा भंडाऱ्याचा डाग कसा काढायचा (बाकीचे डाग पण)

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला जाऊन आलं की गाडीत भंडारा, म्हणजे देवीची हळद, येतोच. कपाळावरचा, पुडीतला, मागं बसलेल्या पोरांच्या कपड्यावरचा, आणि सीट फिक्या रंगाची असली की बघून जीव खाली-वर होतो. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत आमच्या बेळगाव भागातल्या लई गाड्या डोंगराला नाहीतर चिंचलीच्या मायाक्काला जातात, म्हणून आधी भंडाऱ्याचंच सांगतो, बाकीचे डाग त्यामानानं सोपे आहेत.

पहिली गोष्ट, पाणी लावू नका. भंडारा कोरडा आहे तोवर ती नुसती पूड आहे, आणि पूड निघते. व्हॅक्यूम असेल तर नळी सीटला न टेकवता जरा वर धरून ओढून घ्या, नसेल तर मऊ ब्रशनं एकाच दिशेनं बाहेर झटका, पण तळहातानं झाडू नका, हाताला घाम असतो आणि पूड कापडात जाऊन बसते. शिवणीत अडकलेली चिकटपट्टी लावून उचला. इथं घाई करायची नाही, जेवढी पूड कोरडी निघेल तेवढा पुढचा त्रास कमी.

मग पिवळा डाग राहतो आणि माणूस साबण घेऊन बसतो, आणि साबण लागला की पिवळ्याचा लालभडक होतो. घाबरू नका, हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं ना, तेच इथं झालंय, कपड्याचा साबण पण चुन्यासारखाच क्षाराचा असतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दुप्पट पाणी घालून त्यात भिजवलेल्या फडक्यानं टिपलं की परत पिवळा होतो. पण डाग गेला असं समजू नका, नुसता रंग पालटलाय.

तो खरा निघतो स्पिरिटनं आणि उन्हानं. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, स्पिरिटमध्ये विरघळतो. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, आधी सीटच्या खाली न दिसणाऱ्या जागी थोडं लावून सीटचा स्वतःचा रंग उतरतो का बघा, मग पांढऱ्या सुती फडक्यावर घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडं टिपत या. घासायचं नाही, घासलं की डाग पसरतो आणि कापडाची लव वर येते. फडकं पिवळं झालं की घडी बदला. चारी दारं उघडी ठेवा आणि जवळ बिडी-सिगरेट, अगरबत्ती काही नको. त्यानंतर दार उघडून सीटवर थेट ऊन पडेल अशी गाडी लावा. हळदीचे कपडे दोरीवर वाळून वाळून फिके होतात ते आपण लग्नाघरी बघतोच, सीटचं पण तसंच, दोन-चार उन्हं दाखवायला लागतात, धीर धरा.

खानापूर-जांबोटीकडची लाल माती पावसात लागली तर ओली असताना हात लावू नका, पूर्ण वाळू द्या, ब्रश, व्हॅक्यूम, मग साबणाच्या फेसानं टिपा. ब्लीच अजिबात नको, त्या मातीत लोखंड असतं, ब्लीचनं डाग जात नाही आणि सीटचा रंग मात्र जातो.

कुंद्याचं (आपली बेळगावची मिठाई) तूप, वड्याचं तेल सांडलं तर वर टाल्कम पावडर नाहीतर कॉर्नफ्लोअर जाड पसरून तासभर सोडा, तेल ती ओढून घेते, झटकून मग भांड्याच्या लिक्विडचा नुसता फेस लावा.

चोर्ला घाटातल्या वळणांवर पोरानं उलटी केली तर आधी जुन्या कार्डानं वरचं खरडून घ्या आणि गार पाणीच वापरा. दूध, रक्त, उलटी याला गरम पाणी लावलं की ते कापडात शिजून पक्कं बसतं. वासासाठी वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी ओढून घ्या. सोडा आणि व्हिनेगर एकत्र कालवून लावायचा व्हिडिओ बघितला असेल तर सोडून द्या, फेस येतो पण दोघं एकमेकांचं काम संपवून टाकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी कमी. सीटवर मगानं पाणी ओतू नका, आतला फोम पाणी पितो आणि लवकर सोडत नाही, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात तर कुबट वास बसलाच म्हणून समजा. सीटच्या बाजूला एअरबॅगचा छोटा टॅग असेल तर तो भाग नुसत्या दमट फडक्यानं पुसा, आणि सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्या ओढू-काढू नका. डागापुरतंच पुसलं तर वाळल्यावर गोल कड दिसते, म्हणून शेवटी शिवणीपासून शिवणीपर्यंत पूर्ण तुकडा दमट फडक्यानं एकसारखा पुसून घ्या. पावसाळा असेल तर गाडी शेडमध्ये लावून दार उघडं टाकून टेबल फॅन सीटकडं करा, आणि वरून कोरडं लागलं तरी कोरडा टॉवेल घालून जोरात दाबून बघा, टॉवेल ओला झाला तर फॅन चालूच ठेवा.