आम्लवर्षेने सरोवर खालावते आहे का, हे कसे तपासावे

सरोवरावर आम्लवर्षेचा परिणाम होत आहे का, हे पाहताना केवळ सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा आकडा; तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्ल) मोजून थांबू नये. स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू सुमारे ५.६ असतो, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मिसळली की तो आणखी उतरतो. सरोवरातील बायकार्बोनेट हे आम्ल शोषून घेत असल्यामुळे सामू बराच काळ फारसा हलत नाही, आणि साठा संपत आला की मात्र झपाट्याने घसरतो. म्हणून आधी मोजायची ती अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता. न्यूयॉर्क राज्यातील अडिरॉन्डॅक डोंगर किंवा दक्षिण नॉर्वे येथील कठीण, चुना नसलेल्या खडकांवर ती मुळातच तुटपुंजी असते. दख्खनच्या बेसॉल्टमधून वाहणाऱ्या पाण्यात ती सहसा भरपूर असते.

नमुना काठापासून दूर, हातभर खोलीवरून घ्यावा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरावी, कारण कार्बन डायऑक्साइड निसटला तर सामू बदलतो. मोजणी त्याच दिवशी करावी. अशा पाण्यात क्षार फार कमी असल्याने रंगपट्ट्या भरवशाच्या नसतात; मीटर वापरावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत धीर धरावा.

अल्कतेसाठी १०० मिलिलिटर नमुन्यात ०.०२ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) सल्फ्युरिक आम्ल सूक्ष्म ब्युरेटने, म्हणजे खुणा असलेल्या बारीक मोजनळीने, सोडावे. सामू ४.५ होईपर्यंत लागलेले आम्ल टिपावे, मग ४.२ पर्यंत लागलेले एकूण आम्ल टिपावे. पहिला आकडा दुप्पट करून त्यातून दुसरा वजा करावा आणि उत्तराला १० ने गुणावे. समजा ०.४६ आणि ०.६१ मिलिलिटर लागले, तर अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरला ३.१ मिलिग्रॅम येते. ४.५ लाच थांबणाऱ्याला ती ४.६ वाटली असती, आणि नाजूक सरोवराच्या बाबतीत ही चूक लहान नाही.

अल्कता लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली असलेले सरोवर नाजूक समजावे. शून्य किंवा ऋण उत्तर आले तर क्षमता संपली आहे. पाणी चहासारखे तपकिरी असेल, तर आम्लता दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचीही असू शकते, म्हणून लगेच पावसाला दोष देऊ नये.

आकड्यांबरोबर जीवही पाहावेत. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील २२३ क्रमांकाच्या सरोवरात संशोधकांनी १९७६ पासून मुद्दाम आम्ल सोडून सामू ६.८ वरून हळूहळू ५ पर्यंत आणला, तेव्हा झिंग्यांसारखे बारीक जीव आणि लहान मासे आधी नाहीसे झाले, आणि खाद्य गेल्यामुळे मोठे ट्राउट रोडावले. म्हणजे मोठा मासा अजून गळाला लागतो एवढ्यावरून सरोवर निरोगी ठरत नाही. गोगलगायी आणि माशांची नवी पिल्ले शोधावीत.

थंड प्रदेशात एक फेरी बर्फ वितळतानाच करावी. हिवाळाभर साठलेले आम्ल तेव्हा थोड्याच दिवसांत ओढ्यांत उतरते, मातीतले ॲल्युमिनियम सोबत आणते आणि ते माशांच्या कल्ल्यांवर बसते. उन्हाळ्यातल्या नमुन्यात याचा मागमूसही राहत नाही.