सीएफए लेव्हल वन: एथिक्स शेवटच्या आठवड्यावर टाकू नका

सीएफए म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांची परीक्षा, लेव्हल वन हा तिचा पहिला टप्पा. नोंदणी, फी, बीए टू प्लस कॅल्क्युलेटर, एवढं तुमचं तुम्ही करालच. तयारीला साधारण ३०० तास धरतात. नाशिकमध्ये नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले तर पाच महिने. गणित, अकाउंट्स, बॉण्ड हे सोडवून सोडवून जमतं.

आता एथिक्स, म्हणजे व्यावसायिक नीतिनियम. १८० प्रश्नांत याचा वाटा १५ ते २० टक्के, आणि पहिल्या खेपेला मी इथेच आपटलो. ‘आपण काय लबाड आहोत का, मनाला पटेल ते उत्तर द्यायचं,’ असं सांगणारे क्लासवाले अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. इथे मन नाही, स्टँडर्डचे, म्हणजे सीएफए इन्स्टिट्यूटच्या क्रमांक दिलेल्या आचारनियमांचे, शब्द चालतात.

समजा, तुम्ही एका वाईन कंपनीवर रिपोर्ट लिहिताय. दिंडोरीच्या बागायतदारांना भाव विचारलात, दुकानदारांकडून खपाचा अंदाज घेतलात, जाहीर ताळेबंदाशी ताडून पाहिलंत आणि तिमाही वाईट जाणार हे ताडलंत. खुशाल ‘विका’ म्हणा. असे माहितीचे तुकडे जोडून निष्कर्ष काढण्याला मोझॅक म्हणतात. पण गंगापूर रोडच्या लॉन्सवर, लग्नाच्या पंगतीत, त्याच कंपनीच्या अकाउंट्समधला मावसभाऊ जिलबी वाढून घेता घेता म्हणाला, ‘यंदा नफा निम्माच रे, अजून बाहेर सांगितलं नाहीये,’ की हात बांधले गेले. स्वतः शेअर विकायचा नाही, दुसऱ्याला विकायला लावायचा नाही.

दुसरा सापळा: साहेब गैरव्यवहार करतोय, तुम्ही काय कराल? मी ‘सेबीला कळवीन’वर खूण करायचो. कायद्याची सक्ती नसेल तर स्टँडर्ड तसं बंधन घालत नाही. त्या कामातून अंग काढून घेणं मात्र बंधनकारक आहे. कायदा आणि स्टँडर्ड यांत फरक असेल तर जे कडक ते पाळायचं.

उपाय कंटाळवाणा आहे. सरावाच्या प्रत्येक प्रश्नापुढे कोणतं स्टँडर्ड मोडलं त्याचा नंबर वहीत लिहा. नंबर सुचतच नसेल तर ‘उल्लंघन नाही’ हा पर्याय पुन्हा वाचा. मी तो वाचतच नसे. नियम मोडल्याशिवाय प्रश्न कशाला विचारतील, असं वाटायचं!

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. केंद्र मुंबईचं घेतलं असेल तर आदल्या दिवशीच जा. सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहिलात आणि ती कसाऱ्याला थांबली, तर एथिक्स पाठ असून उपयोग नाही.